पथ्याचं बिस्किट

कारखान्यात तिला सगळे भुसाताई म्हणत. नाव ठेवलं होतं मालाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने, आणि ते चिकटलं, कारण खोटं नव्हतं. दोन वर्षं ती बाई खरोखर भुशाच्याच मागे लागली होती.

ओट नावाचं एक धान्य असतं. त्याची वरची टरफलं धुऊन, उकळून, वाळवून, दळून पांढरी भुकटी करतात. त्या भुकटीला चव नाही, वास नाही. पोटात गेली तरी पचत नाही. जशी जाते तशी बाहेर पडते आणि जाता जाता आतडी झाडून नेते. हिलाच साहेब ‘आहारातले तंतू’ म्हणत, जाहिरातवाले फायबर म्हणत आणि पोती उतरवणारे भुसा म्हणत. कारखान्याचं साधं बिस्किट वर्षानुवर्षं नुसत्या मैद्याचं होतं आणि बरं खपतही होतं. पण अलीकडे गिऱ्हाईक पुडा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचायला शिकलं होतं. तेव्हा वरून हुकूम आला की त्याच बिस्किटात भुसा घाला, भरपूर घाला, पण खाणाऱ्याला कळता कामा नये. लोकांना आरोग्य हवं असतं, फक्त ते तोंडात लागायला नको असतं.

हे काम भुसाताईच्या गळ्यात पडलं. नवीन माल तयार करण्याच्या खात्यात ती काही एकटी नव्हती, पण बाकीचे हुशार होते. त्यांनी चॉकलेटची आणि क्रीमची कामं आधीच उचलली होती.

पहिला घाणा भट्टीतून निघाला तेव्हा ड्रायव्हरने एक बिस्किट तोंडात टाकलं, बराच वेळ चावलं आणि विचारलं, “मॅडम, खोक्यासकट भाजलंत का?” दुसऱ्या खेपेला तिने भुसा कमी करून चिकोरीच्या मुळांचे गोडसर तंतू घातले. चव झकास जमली. पण त्या आठवड्यात हिशेब खात्यात कोणी कोणाच्या शेजारी बसेना, आणि एका मीटिंगमध्ये खिडकी उघडण्यावरून दोन थोरामोठ्यांची जुंपली. चिकोरी बाद झाली. पुढे कधी बिस्किट घशात कोरडं पडायचं, कधी चहात बुडवलं की कपाच्या तळाशी चिखल व्हायचा. भुसाताई मुकाट्याने पुन्हा पीठ मळायला घ्यायची.

चाखायची पद्धत ठरलेली होती. एका लांबट खोलीत फळ्या ठोकून छोटे छोटे खण केले होते. एकेका खणात एकेक माणूस. शेजारचा काय तोंड करतो ते दिसायचं नाही. वर लाल दिवा, म्हणजे बिस्किटाचा रंग कळू नये. समोरच्या झडपेतून ताटली यायची, ताटलीत तीन बिस्किटं. दोन एकसारखी, एक वेगळं. वेगळं कुठलं ते ओळखायचं, एवढंच. ड्रायव्हर, हिशेबनीस, पुडे भरणाऱ्या बायका, सगळ्यांना पाळीपाळीने बसवत. पुड्यांवर नाव नसायचं, नुसता आकडा. कुठल्या आकड्यात भुसा आहे ते फक्त साहेबांना ठाऊक, आणि दर खेपेला आकडे बदलायचे. कारण माणसाची जात लबाड. एकदा आकडा लक्षात राहिला की जीभ सुट्टीवर जाते.

भुसाताईला मात्र आकड्यांची गरज नव्हती. कितीही बारीक दळलेला भुसा तिला जीभ आणि टाळूच्या मधे सापडायचा. “डोळे बांधा माझे, सांगते,” हे तिचं एकच गर्वाचं वाक्य होतं, आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

बाकी कशाचा तिला गर्व नव्हता. खरं सांगायचं तर तिला काही वाटतच नव्हतं. आई गेली त्याला दीड वर्ष होत आलं होतं. हसतीखेळती बाई सकाळी कपडे वाळत घालताना खाली बसली ती उठलीच नाही. त्या दिवशी भुसाताईने फोन केले, माणसं आली, त्यांना पाणी दिलं, चहा दिला, उरलेले कपडे वाळत घातले. रडली नाही. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे हो. खंबीर कसली, बधीर होती. दाढ काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला वाटत नाही, तशी ती अख्खी झाली होती. तिला वाटलं, उतरेल चार दिवसांत. उतरलं नाही. पुढे तिने वाट बघणंही सोडून दिलं, कारण बधीर माणसाचं काही अडत नाही. बस वेळेवर पकडता येते, भाजी आणता येते, बिलं भरता येतात.

आईच्या मागोमाग बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं. खराब तुकडा कापून दोन टोकं जोडली, पण जोड आला त्या ठिकाणी नळी अरुंद राहिली. डॉक्टरांनी बजावलं, “चोथा बंद. साल नको, बी नको, कोंडा नको. तिथे काही अडकलं तर पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि या वयात मी शब्द देणार नाही.” तेव्हापासून भुसाताई दिवसभर जगाच्या पोटात भुसा घालायची आणि संध्याकाळी घरी येऊन बापाच्या ताटातून तो गाळून काढायची. यातली गंमत कोणी तिला सांगितली असती, तर ती “हो का” म्हणाली असती.

आता या बापलेकीचं एक सांगायला हवं. आई होती तोवर दोघांमधलं बोलणं आईमार्फत चालायचं. बाबा म्हणायचे, “तिला सांग, छत्री ने.” मुलगी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. तीही आईलाच म्हणायची, “सांग त्यांना, नेते.” भांडण नव्हतं, अबोला नव्हता, वळणच तसं पडलं होतं. आई गेली आणि मधला पूल गेला. मग वस्तू बोलायला लागल्या. बशीत गोळ्या ठेवल्या म्हणजे घ्या. दारात चप्पल उलटी म्हणजे शिवायला टाक. ऑपरेशननंतर किती आठवडे बाबांच्या ताटात नुसतं गाळलेलं सूप असायचं. मग एके दिवशी सुपाशेजारी उकडलेल्या बटाट्याचा मऊ लगदा आला. ती काही बोलली नाही, ठेवून आत गेली. बाबा ताटाकडे बघत राहिले. त्यांना कळलं की डॉक्टरांनी एक पायरी वर चढवलं. पुढे असंच एक दिवस अंडं आलं. मग कडा काढलेला पांढरा पाव. आणि मग चहाबरोबर साधं मैद्याचं बिस्किट, रोज दोन. बाबांना आपल्या तब्येतीची बातमी ताटातून मिळायची. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी कधी मागितली नाही.

ती बिस्किटं ती कारखान्यातूनच आणायची. चाखून उरलेला माल दाराशी एका क्रेटमध्ये पडलेला असायचा, ज्याला हवा त्याने न्यावा. त्यात अर्धे पुडे जुन्या मैद्याच्या बिस्किटांचे, अर्धे भुशाचे. वरून दोन्ही सारखे, चंदेरी कागद आणि आकडा. ती एक पुडा फोडायची, एक बिस्किट खाऊन बघायची. टाळूला रवाळ लागलं की ठेवून द्यायची, नाही लागलं की त्याच आकड्याचे पुडे पिशवीत भरायची. साहेबांना जाऊन आकडा विचारणं सोपं होतं. पण ज्याची जीभ कधी चुकली नाही तो विचारायला जात नसतो. पोहणारा बुडतो तो असाच.

त्या गुरुवारी नवा घाणा होता. भुसा या खेपेला बाहेरून, एका नव्या चक्कीवरून अगदी पिठीसाखरेसारखा दळून आणला होता. चाखणं उरकलं, माणसं तोंडं पुसत गेली, निकाल सोमवारी लागणार होता. भुसाताईने क्रेटमधला सातशे सोळाचा पुडा उचलला, एक बिस्किट तोंडात घातलं. गुळगुळीत. विरघळलं. तिने दुसरं खाऊन पाहिलं. तेही विरघळलं. साधंच आहे, असं म्हणून तिने सातशे सोळाचे चार पुडे पिशवीत टाकले आणि बस पकडली.

संध्याकाळी चहाबरोबर तिने दोन बिस्किटं बशीत ठेवली आणि कपड्यांच्या घड्या घालायला आत गेली. बाबांनी चहात न बुडवताच एक तोंडात घातलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि त्यांनी आत डोकावून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण ते नुसते हसले आणि परत जाऊन बसले. ते हसणं भुसाताईने पाहिलं आणि टॉवेलची घडी घातली.

शनिवार-रविवार बाबा खुशीत होते. खालच्या मजल्यावर त्यांचे दोस्त राहत, शिंपीकाका. त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले, जिना स्वतःचा स्वतः चढले. सोमवारी सकाळी त्यांनी चहा अर्धा ठेवला. त्या घरात अर्धा कप चहा म्हणजे मोठं वाक्य होतं. भुसाताईला कप दिसला, पण तिने तो वाचला नाही. विसळून ठेवला आणि कामावर गेली.

साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं होतं. टेबलावर केक होता, म्हणजे बातमी चांगली असणार. साहेब उभे राहिले.

“दोन वर्षं झाली,” ते म्हणाले. “खोकी खाल्ली, चिखल खाल्ला, आणखी काय काय सोसलं ते हिशेब खात्याला माहीत आहे.” सगळे हसले. “पण गुरुवारी एवढ्या लोकांनी चाखलं आणि कोणालाच फरक ओळखता आला नाही. जे बरोबर आले ते अंदाजपंचे आले. मंडळी, भुसा गायब झालाय! आपलं बिस्किट म्हणजे सातशे सोळा.”

टाळ्या पडल्या. भुसाताईनेही वाजवल्या. वाजवता वाजवता तो आकडा तिला घरच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर दिसला, चहाच्या डब्याशेजारी, चार वेळा. तिला वाटलं, आता आपल्याला धस्स होईल. झालं नाही. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, पार्टी!” आणि तिने मान हलवली. कोणीतरी हातात केकची बशी दिली. तिने ती पुन्हा टेबलावर ठेवली आणि साहेबांना म्हणाली, “मी जरा घरी जाऊन येते.”

जिन्यातच फोन वाजला. शिंपीकाका होते. “पोरी, लवकर ये. तुझ्या बाबांना उलट्या होतायत. पोट बघ कसं झालंय, हात लावू देत नाहीत.”

बाबा पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. तिने फळीकडे पाहिलं. तीन पुडे रिकामे, चौथा अर्धा. म्हणजे रोज दोन नव्हेत, पुड्यामागून पुडा. तिने अर्धा पुडा पर्समध्ये टाकला, शिंपीकाकांच्या मदतीने बाबांना खाली उतरवलं आणि गाडी बोलावून हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर पोट दाबून बघत म्हणाले, “काय खाल्लं?”

“बिस्किटं.”

“बिस्किटांनी असं होत नाही.”

“या बिस्किटांनी होतं,” ती म्हणाली. पुडा काढून पुढे केला आणि त्यात भुसा किती, कुठला, केवढा बारीक, पाणी किती धरून फुगतो, सगळं एका सुरात सांगून टाकलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “तुम्हाला इतकं कसं माहीत?”

“मीच केलंय ते.”

डॉक्टरांनी पुडा बाजूला ठेवला. पोटाचे एक्स-रे काढले. जोडाच्या अलीकडे सगळं तुंबलं होतं. बाबांच्या नाकातून नळी घातली, हाताला सलाईन लावलं, तोंडाने पाण्याचा थेंबही बंद. “उद्यापर्यंत वाट बघू,” डॉक्टर म्हणाले. “वारा सरला तर समजायचं वाट मोकळी झाली. नाही सरला तर पोट उघडायचं. आणि ते सोसेल की नाही, हे मी आधीच सांगितलंय तुम्हाला.”

आता बघा, माणसाच्या आयुष्यात काय काय वेळ येते. ज्या गोष्टीवरून कारखान्यात आठवडाभर खिडक्या उघडल्या होत्या, तिच्यासाठी इथे एक डॉक्टर, दोन नर्सा, एक शिंपी आणि एक लेक कान लावून बसले होते. नर्स दर थोड्या वेळाने यायची आणि विचारायची, “आजोबा, सुटलं का काही?” बाबा डोळे मिटून मान हलवायचे, नाही.

बाहेरच्या बाकावर शिंपीकाका आणि ती. काकांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. गडबडीत दुकानातून तसेच उठून आले होते. मग काकांनाच राहवलं नाही.

“मला कळत नाही,” ते म्हणाले. “शुक्रवारी तर म्हणत होता, मी बरा झालो.”

“कोणाला म्हणत होते?”

“मला. दुकानात आला ना. मागच्या महिन्यात त्याने पॅन्ट दिलेली आवळायला. सगळ्या ढगळ झाल्यात त्याच्या, हाडं राहिलीत नुसती. मी म्हटलं, आज करतो, तर म्हणाला, ‘थांब, आवळू नकोस. पथ्य सुटलं माझं. लेकीने तिचं ते बिस्किट दिलं मला काल. आता अंग भरणार, तीच पॅन्ट घट्ट होते बघ.’ एवढा खूश की मला चहा पाजला.” काकांनी पिशवीत हात घालून राखाडी पॅन्टची एक कड बाहेर काढली आणि पुन्हा आत ढकलली. “ही काय, तशीच आहे.”

भुसाताई त्या पिशवीकडे बघत राहिली. सूप, बटाटा, अंडं, पाव, बिस्किट. गुरुवारी बाबा दारात येऊन का हसले ते तिला आता कळलं. त्यांना ताटातून बातमी मिळाली होती. तिने सांगितलेली, तिच्याच पद्धतीने, एक शब्द न बोलता. फक्त ती बातमी खोटी होती.

पर्समध्ये फोन थरथरला. साहेबांचा निरोप होता. ‘मालक खूश. कोणालाच कळलं नाही! अभिनंदन.’ तिने तो वाचला आणि फोन उलटा ठेवला.

रात्र नर्सनेच काढली. ती खुर्चीत बसली होती एवढंच. उजाडल्यावर डॉक्टर आले, पोटाला कान लावून गेले, म्हणाले, दुपारपर्यंत बघतो. ऑपरेशनच्या कागदावर तिची सही घेऊन ठेवली. सही नेहमीसारखी आली. मग दुपार व्हायच्या जरा आधी, बाहेर कोणीतरी फरशी पुसत असताना, खोलीतून एक लांबलचक, निर्लज्ज आवाज आला. शिंपीकाका बाकावरून उठून उभे राहिले. नर्स पळत आत गेली आणि दारातूनच ओरडली, “सुटलं हो, सुटलं!” फरशी पुसणारी बाईसुद्धा हसली. काकांनी दोन्ही हात जोडले, कोणाला ते त्यांनाही कळलं नसेल, आणि डोळे पुसत चहा आणायला खाली गेले.

भुसाताई आत गेली. बाबांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. नाकात नळी होती, त्यामुळे बोलणं गेंगाणं येत होतं.

“ठमे,” ते म्हणाले. हे तिचं लहानपणचं नाव. आई गेल्यापासून ते कोणी वापरलं नव्हतं. “रागावलीस?”

ती पलंगाजवळ आली. स्टूल ओढून बसली.

“माझीच चूक झाली बघ,” बाबा म्हणाले. “तू मोजून दोन ठेवत होतीस. मी हावरटासारखा पुडेच्या पुडे संपवले. काय करू, इतक्या दिवसांनी काहीतरी चावायला मिळालं. बाकी सगळं जिभेवर पडलं की पाणी होतं, दात असून नसल्यासारखे. तुझं बिस्किट पहिल्या घासाला ओळखलं मी. म्हटलं, हे तिचंच. दोन वर्षं घरात नुसतं नाव ऐकतोय, आता दिलंन खायला.” ते थांबले, दम घेतला. “तू विश्वासाने सूट दिलीस आणि मी घालवली. डॉक्टरांना सांग, पोरीचा दोष नाही.”

चाखणाऱ्या सगळ्यांना जे ओळखता आलं नाही, खुद्द तिला आलं नाही, ते या माणसाला आलं होतं. आणि आता तोच तिची माफी मागत होता. इथे गप्प बसणं फार सोपं होतं. ती गप्प बसण्यात पटाईत होती. नुसती मान हलवली असती, पांघरूण नीट केलं असतं, तरी बाबांनी दोष आपल्या अंगावर घेऊन शांत झोप काढली असती, आणि कोणालाच काही कळलं नसतं. कळू न देण्याचंच तर ती दोन वर्षं काम करत होती.

“बाबा,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. “मी सूट दिली नव्हती.”

“म्हणजे?”

“डॉक्टरांनी काही बदललेलं नाही. पथ्य तेच आहे. मी साधं समजून भुशाचं आणलं. खाऊन बघितलं, मला कळलं नाही. माझी चूक झाली.”

बाबा छताकडे बघत राहिले. सलाईनचे थेंब पडत होते. ते म्हणाले, “मग मी बरा झालो नव्हतो तर.”

“नाही, बाबा.”

“हं.” त्यांनी ओठ ओले केले. पाणी अजून बंद होतं. “होणार आहे का?”

“जोड तसाच राहणार, म्हणाले डॉक्टर. जपून राहायचं. सूप, बटाटा, पाव. मी तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं. नीट, तोंडाने.”

“असू दे,” ते म्हणाले. मग सहज, बाजारातून काही आणायला सांगावं तसं म्हणाले, “शिंप्याला सांग, पॅन्ट आवळून टाक म्हणावं.”

तेवढ्या वाक्याने ते झालं. आधी तिची हनुवटी हलायला लागली, मग खांदे. तिने ओठ दाबून धरले, उपयोग झाला नाही. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बाबांच्या पॅन्टचं, आईच्या वाळत घातलेल्या कपड्यांचं, बशीतल्या त्या दोन बिस्किटांचं, सगळ्याचं एकदम. ती मोठ्याने रडली, लहान पोरं रडतात तशी, नाक गळेपर्यंत. नर्सने डोकावून पाहिलं आणि दार लोटून घेतलं. बाबा घाबरले नाहीत. सलाईन नसलेल्या हाताने त्यांनी चादरीचं टोक चाचपून काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

“नाक पूस,” ते म्हणाले.

तिने पुसलं. बाहेर चहाचे ग्लास घेऊन येणाऱ्या शिंपीकाकांच्या चपला वाजत होत्या. कुणाला तरी ते वाटेतच सांगत होते, “आमचा दोस्त हो! आता चार दिवसांत ठणठणीत.”

ती उठायला लागली, तसं बाबांनी तिचं मनगट धरलं.

“त्याला उद्या सांग,” ते म्हणाले. “आजच्या दिवस राहू दे.”